जा वो

"ओब्रिगादा," पुष्पाबाई म्हणाल्या.

फोनने ऐकून घेतले, जरा वेळ टिंबे नाचवली आणि पडद्यावर लिहिले, ओब्रिगादो. खाली लाल फुली.

पुष्पाबाईंनी पदराने चष्मा पुसला, घसा खाकरला आणि शेवटचा 'दा' चांगला लांबवून पुन्हा म्हटले. फोनने पुन्हा तेच लिहिले. इंग्रजी अक्षरे त्यांना पक्की येत होती. एकतीस वर्षे त्या पिंपळगाव राजाच्या अंगणवाडीत सेविका होत्या, आणि तेवढ्या काळात इतके तक्ते भरले होते की ए कोणता आणि ओ कोणता हे त्यांनी झोपेतही सांगितले असते. शेवटी ए हवा होता. तिथे गोल गरगरीत ओ येऊन बसत होता.

"भयरा हायेस का बे?" त्यांनी फोनला विचारले.

सुचिताने फोनमध्ये हे पोर्तुगीज शिकवायचे ॲप घालून दिले त्याला बारा दिवस झाले होते. सुचिता ही त्यांची एकुलती एक मुलगी, पाच वर्षांपासून नवऱ्यासोबत लिस्बनला राहत होती. तिची पायल तिथेच जन्मली, साडेतीन वर्षांची झाली, तरी आजीने तिला अजून फोनच्या चौकटीबाहेर पाहिले नव्हते. मार्चअखेरीस सुचिताला पंधरा दिवस सुट्टी होती. त्या सुट्टीत आईला बोलवायचे, समुद्र दाखवायचा, ट्राममध्ये बसवायचे असा तिचा बेत होता. तिकीट आले होते, व्हिसाही लागला होता. पायलला मराठीतले 'भूर' आणि 'मम्मम' सोडून काही येत नव्हते, म्हणून आजीने चार वाक्ये तरी शिकून यावीत असे सुचिताचे म्हणणे. ॲप शिकवायचे इंग्रजीतून. अर्थ सुचिता सांगायची आणि पुष्पाबाई ते शंभर पानी वहीत देवनागरीत उतरवून घ्यायच्या. जन्मभर पोरांना 'म्हणा माझ्यामागून' सांगणारी बाई आता रोज दुपारी जेवणखाण आटोपल्यावर एका फोनच्या मागून म्हणत बसायची. गल्लीत याची थट्टा व्हायची ती झालीच.

संध्याकाळी सुचिताचा फोन आला तेव्हा पुष्पाबाईंनी गाऱ्हाणे घातले. "तुहा फोन मले मानूस समजून राह्यला. मी दा म्हन्तो तं तो दो ल्ह्यते."

सुचिता हसली. "आई, बाईनं ओब्रिगादा म्हनायचं आन मानसानं ओब्रिगादो. थँक्यू हाये ते. तुहा आवाजच बसका हाये, त्याले काय कळते. पोट्ट्यायवर वरडून वरडून बसला तो."

हे खरेच होते. पुष्पाबाईंचा घसा नोकरीनेच खाल्ला होता. त्यांनी विषय तिथेच सोडला.

घर तीन खोल्यांचे, वर पत्रे. ओट्यावरच्या भिंतीला मोटारीच्या स्टार्टरचा एक जुना लोखंडी डबा ठोकलेला होता. ती तुळशीरामांची आठवण. तुळशीराम म्हणजे पुष्पाबाईंचे यजमान. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत पंचक्रोशी हिंडायचे. तो डबा निकामी झाला तेव्हा त्यांनी भिंतीला ठोकला आणि घराची चावी त्यात ठेवायची पद्धत पाडली, म्हणजे जो आधी येईल त्याने घर उघडावे.

नऊ वर्षांपूर्वी, होळी होऊन गेल्यावर, रोहिणखेडला लग्न होते. परतताना मोताळ्याच्या स्टँडवर दोघे बसची वाट पाहत होते. तिथे ओळखीचा एक शेतकरी भेटला, मोटार पाणी उचलत नाही म्हणाला. तुळशीरामांना पान्ह्यांची पिशवी लग्नालाही सोबत न्यायची खोड. बस लागली, त्यांनी बायकोला खिडकीजवळ बसवून दिले, मागून येतो म्हणाले. मोटार दुरुस्त झाली. शेतकऱ्याकडे चहा झाला. तुळशीराम पिशवी घेऊन रस्त्याला लागले आणि तिथून पुढे त्यांचा कोणालाच ठावठिकाणा लागला नाही. पोलिसांत दिले, विहिरी पाहिल्या, पेपरात फोटो छापला. चप्पल नाही की पिशवी नाही.

तेव्हापासून पुष्पाबाईंनी घराला कुलूप लावले नाही. बाजाराला गेल्या तरी नुसती कडी. भावाकडे गेल्या तर दिवस मावळायच्या आत परत. कोणी टोकले की म्हणायच्या, "येतो म्हनले ते. आल्यावर कुलपाशी बोलतीन का?" व्हिसाचे कागद भरताना पुतण्या भागवत एका चौकोनापाशी अडला होता. "काकू, इथं काय लिहू?" त्याने नजर न उचलताच विचारले. "विवाहित ल्ह्य," त्या म्हणाल्या, आणि भागवतने मुकाट्याने लिहिले.

आता मात्र पंधरा दिवस कुलूप लावावेच लागणार होते. भागवतने तसे बजावले होते आणि पुष्पाबाई हो म्हणाल्या होत्या, पण ते हो त्यांच्या घशाखाली उतरलेले नव्हते. नातीला उराशी धरायचे तर घर बंद करायचे. घर बंद करायचे म्हणजे तो माणूस आता येणार नाही हे आपल्याच हाताने मान्य करायचे. तिकिटाची तारीख जवळ येत होती आणि त्यांच्या मनात रोज एकदा तरी येई की सुचिताला सांगून टाकावे, मले नाही जमत.

तेराव्या दिवशी सुचिताने नवे वाक्य दिले. "आई, हे तं पाठच करून टाक. गर्दीत हात सुटला तं कोनालेबी सांगायचं, श्तो पर्दीदा. मी हारपली."

"आन मानसानं?"

"मानसानं पर्दीदो. तुले काय करायचं मानसाचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पुष्पाबाई पलंगावर मांडी घालून बसल्या. बाहेर ऊन चांगलेच चढले होते, गल्लीत चिटपाखरू नव्हते. त्यांनी फोन समोर धरला आणि एकेक अक्षर सोडवून म्हटले, "श्तो पर्दीदा."

फोनने टिंबे नाचवली आणि लिहिले, श्तो पर्दीदो.

त्यांनी ते दोनदा वाचले. मग वहीत पाहिले. मग मनातल्या मनात त्याचे मराठी झाले, मी हारपलो, आणि अंगावर सर्रकन काटा आला. फोन पालथा घालून त्या आत गेल्या आणि सकाळी घासलेली भांडी पुन्हा घासत बसल्या.

रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी फोन उचलला आणि शेजारी संजीवनीकडे गेल्या. संजीवनी भाजीवाल्यांच्या घरची सून. दोन्ही घरांत एकच भिंत. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. पुष्पाबाईंनी तिच्या ओसरीत उभे राहून म्हटले, "श्तो पर्दीदा." हिरवी खूण उमटली, शेवटी ए. संजीवनीने हौसेने म्हणून पाहिले, तिलाही ए. दोघी पुष्पाबाईंच्या ओट्यावर आल्या. तिथेही ए. पुष्पाबाईंनी उंबरा ओलांडला, आत उभ्या राहिल्या, तेच वाक्य त्याच आवाजात म्हणाल्या.

ओ.

बाहेर येऊन पुन्हा म्हटले, ए. आत जाऊन म्हटले, ओ.

"घुमत असन मावशी," संजीवनी म्हणाली. "तुमच्या घराले पत्रे हायेत ना." मग ती जरा घुटमळली. हातातला मेथीचा देठ तिने सोलून सोलून दोरा केला. "एक इचारू? दुपारी कोन येते तुमच्याकडं?"

"कोनी नाही. काऊन?"

"मानसाचा आवाज येते भितीतून. तुम्ही बोलता, आन मंग तो बोलते."

"फोन हाये तो."

"हाव, फोनच असन," संजीवनी म्हणाली. फोनमधला आवाज एका बारीक गळ्याच्या पोरीचा होता. तो दोघींनी आत्ताच ऐकला होता. संजीवनी मेथीकडे गेली.

त्या दिवसापासून पुष्पाबाई कान देऊन ऐकू लागल्या. अंगणवाडीत पंचवीस पोरे एका सुरात गाणे म्हणत, तेव्हा त्यात एखादे नेहमी अर्धा शब्द मागे असे. सगळ्यांचे संपले की याचे शेपूट ऐकू यायचे. मागे कोण राहिले ते पुष्पाबाई फळ्याकडे तोंड करून ओळखायच्या. आता त्यांना तसेच शेपूट ऐकू आले. आपले 'पर्दीदा' संपले की त्याच्या टोकाला काहीतरी जाडसर, बसके, अर्धा शब्द उशिरा, स्वयंपाकघराच्या दाराकडून. पत्र्यात घुमणारे असते तर ते आपल्यासारखेच असते. हे वेगळे होते. याच्या शेवटी ओठ गोल होत होते.

त्यांना भीती वाटली, फार वाटली. पण खरे सांगायचे तर भीतीच्या पाठोपाठ राग आला. नऊ वर्षांत आपल्या बोलीत एक अक्षर नाही, सणावाराला नाही, सुचिताला मुलगी झाली तेव्हा नाही, आणि आता परक्या देशाच्या भाषेत बोलायचे म्हणजे काय.

"बोलायचं तं सरळ बोला ना," त्या दाराकडे पाहून म्हणाल्या. "मी का कोनी परकी हाओ?"

दारातला पडदा हलला नाही. आत नळाखाली ठेवलेल्या बादलीत थेंब पडत होता, तेवढाच.

दुसरी कोणी बाई असती तर तिने शिकवणी बंद केली असती. पुष्पाबाईंनी एकाच्या दोन केल्या, एक सकाळी आणि एक दुपारी. मागे राहणाऱ्या पोरासाठी त्या जशा प्रत्येक ओळीनंतर जरा थांबायच्या, तशा आता थांबू लागल्या. फोनवर लाल फुल्या येत राहिल्या, पण फुल्यांकडे आता त्यांचे लक्ष नव्हते. बॉम दिया, कॉमु श्ता, ओंद श्ता. स्वतः म्हणायचे, थांबायचे, ऐकायचे आणि मगच पुढचे. 'ओंद श्ता' म्हणजे कुठे आहे. ते म्हटल्यावर त्या जरा जास्तच थांबायच्या. त्याला उत्तर कधी आले नाही.

निघायला दोन दिवस उरले तेव्हा नवा धडा उघडला. फोनमधल्या पोरीने आपल्या बारीक गळ्यातून म्हटले, "झा वो."

पुष्पाबाईंच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. त्यांनी बटण दाबून ते पुन्हा ऐकले. झा वो. पुन्हा ऐकले. मग त्यांनी वेळकाळ न पाहता सुचिताला फोन लावला.

"आई, काय झालं? ऑफिसात हाओ मी."

"झा वो म्हनजे काय वो?"

"एवढ्यासाठी फोन केला? आलोच, असं. कोनी आवाज देला का हे लोक म्हन्तात, झा वो. शब्दाचा अर्थ पाह्यला तं निघालो, जातो, असा हाये. पन म्हन्याचं असते का आलोच."

"म्हनजे जातो म्हन्तात आन येतात?"

"हाव. आपल्या उलटं. आपन येतो म्हन्तो आन..."

तिकडे कोणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आई," ती हळूच म्हणाली.

"ठेव आता. तुले काम असन," पुष्पाबाई म्हणाल्या आणि त्यांनीच फोन ठेवला.

त्या तशाच बसून राहिल्या. मोताळ्याचा स्टँड त्यांना दिसत होता. बस सुरू झालेली, खिडकीच्या गजावर तुळशीरामांचा हात, नखांत ग्रीस. नऊ वर्षे त्यांनी पोलिसांना, सोयऱ्यांना, स्वतःला एकच सांगितले होते, येतो म्हणाले. ते खोटे नव्हते, पण सगळेही नव्हते. त्याच्या आधी तुळशीराम आणखी काही म्हणाले होते. ते बसच्या घरघरीत ऐकले होते आणि कामाचे नाही म्हणून टाकून दिले होते, आणि आता ते जसेच्या तसे कानात आले.

"जा वो तू. मी येतोच मांगून."

आधी जा. मग येतो. आपण त्यातले जा तेवढे विसरलो. पुष्पाबाईंना रडू आले आणि त्यांनी ते येऊ दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो धडा पुन्हा लावला. 'झा वो'ला दा नाही, दो नाही. बाई असो की माणूस, एकच. फोनने म्हटले आणि ऐकायला टिंबे नाचवली. पुष्पाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि वाट पाहिली. हिरवी खूण उमटली. त्यांनी फोन हळूच बंद केला आणि बॅग भरायला घेतली.

निघायच्या दिवशी भागवत सकाळी आठला गाडी घेऊन आला. बॅगा डिकीत गेल्या. फोन चार्ज व्हावा म्हणून त्याने तो आपल्याजवळ पुढे लावून ठेवला. संजीवनीने पुष्पाबाईंच्या तळहातावर दही ठेवले आणि ती अंगणात बाजूला उभी राहिली. पुष्पाबाईंनी गॅसचे बटण पाहिले, देवापुढे दिवा लावला, मागचे दार लावले. कुलूप घेऊन पुढच्या दारात आल्या. ठरले असे होते की चावी स्टार्टरच्या डब्यात ठेवायची. संजीवनीला मागच्या अंगणातली तुळस पाहायला लागेल, असे त्यांनी भागवतला सांगितले होते. भागवतला खरे कारण कळले होते आणि त्याने ते कळल्याचे दाखवले नव्हते.

उंबऱ्यावर त्या वळल्या. रिकाम्या घरात तोंड करून, त्या बोलीत कोणीही बाई घरातून निघताना म्हणते तसे, त्या म्हणाल्या, "येतो मी."

"जा वो," आतून आले.

बसका आवाज. त्यांच्या 'मी'च्या टोकाला, अर्धा शब्द उशिरा.

त्या मागे वळल्या. "तू बोलली का वो?"

"नाही मावशी," संजीवनी म्हणाली. "मी कुठी बोलली."

भागवत गाडीत काच वर करून बसला होता, फोन त्याच्याजवळ. पुष्पाबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. ऐकू आले होते यात त्यांना शंका नव्हती. पण काय ऐकू आले, जा वो की झा वो? आपल्या बोलीत असेल तर तो त्यांना निरोप देत होता आणि स्वतः मागे राहत होता. बारा-पंधरा दिवस दोघे मिळून जी भाषा शिकले तिच्यातले असेल तर तो म्हणत होता, आलोच. पहिले अक्षर नेमके त्यांच्याच 'मी'खाली दबले होते. पुन्हा विचारावे असे मनात आले. पण मुलांना एकदा म्हटलेले पुन्हा विचारले की ती बावरतात हे त्यांना ठाऊक होते.

त्या दारातून बाजूला सरल्या. पाठ भिंतीला लावून, पदर आवरून, कोणाला तरी बाहेर पडायला वाट द्यावी तशा उभ्या राहिल्या. मागे राहिलेल्या पोरासाठी थांबावे तेवढा वेळ थांबल्या. ओट्यावर ऊन आले होते. मग त्यांनी दार ओढले, कडी घातली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा कुलूप लावले.

"काकू, चावी डब्यात टाका," भागवतने काच खाली करून म्हटले.

पुष्पाबाईंनी डब्याचे झाकण उघडले. आत गंज आणि कोळ्याचे जाळे. थोडा वेळ पाहून त्यांनी झाकण लावले आणि चावी पदराच्या गाठीला बांधली.

"डब्यात कोनासाठी ठेवू?" त्या म्हणाल्या. "घरात कोनी नाही. तुळशीले पानी भितीवरूनच टाकजो वो संजीवनी."

गाडीत मागच्या सीटवर बसल्यावर त्या सरकत सरकत पार पलीकडच्या खिडकीपाशी गेल्या. भागवत दार लावायला आला.

"थांब जराशीक," त्या म्हणाल्या. तो दार धरून उभा राहिला. गल्लीतून एक सायकल गेली. "लाव आता."

मोताळ्याचा स्टँड आला तशी भागवतने आरशातून काकूंकडे पाहिले. या रस्त्याने जाताना त्या दर वेळी इथे काच खाली करून, मान बाहेर काढून गर्दीतले एकेक तोंड पाहायच्या, आणि तो न सांगता गाडी हळू करायचा. आजही त्याने हळू केली. काकूंनी बाहेर पाहिले नाही. वही उघडून त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, मांडीवर नव्हे तर जरा बाजूला, मधल्या रिकाम्या जागेकडे कलती, शेजारी बसलेल्यालाही वाचता यावी अशी.